कोंबडा कोर्टात, पेंग्विन फौजेत… आणि आपल्या सातारा-सांगलीत?

कोयनाकाठ :
मंडळी, धागा काढायला कारण झाला आमचा कोंबडा.

कराडच्या अलीकडं नदीकाठी आमचं गाव. शेजारच्या प्लॉटात दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका रिटायर्ड साहेबांनी बंगला बांधला. माणूस चांगला. वास्तुशांतीला अख्ख्या आळीला जेवण घातलं. पण आमचा कोंबडा पहाटे साडेतीनला पहिली बांग देतो आणि साहेबांना गोळी घेऊन दोनला कुठं डोळा लागलेला असतो. गेल्या महिन्यात त्यांनी तंटामुक्ती समितीकडं अर्ज टाकला. दोन पानी, टाइप केलेला. विषय : शेजारील कोंबड्याच्या अवेळी आरवण्याबाबत.

आर. आर. आबांनी २००७ साली तंटामुक्तीची मोहीम काढली तेव्हा हा दिवस त्यांच्याही डोळ्यांपुढं नसणार. आमच्या समितीनं बांध मिटवले, भावकी मिटवली, एक मोडलेलं लग्न परत जुळवलं. कोंबड्यापुढं मात्र अध्यक्ष गप्प. अर्ज तीनदा वाचला आणि म्हणाले, "अवेळी लिहिलंय, पण त्याची वेळ कंची ते लिहिलेलं नाही. दुरुस्ती करून आणा."

मग पोरानं मोबाइलवर फ्रान्सची बातमी दाखवली. ओलेरॉन बेटावर मॉरिस नावाचा कोंबडा होता. सुट्टीपुरतं तिथं येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या बांगेवर थेट कोर्टात दावा ठोकला. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल लागला, मॉरिस जिंकला. उलट शेजाऱ्यांनीच मालकिणीला १,००० युरो द्यायचे. पुढं जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सनं कायदाच केला की खेड्यातले आवाज आणि वास हा गावाचा वारसा आहे. आरवणं आलं, घंटा आल्या, शेणाचा वासही आला. मी प्रिंट काढून समितीच्या फायलीला लावलीय.

तर या धाग्याचा नियम : बातमी जगातली, पण खरी. व्हॉट्सअ‍ॅपचं ढकलपत्र चालणार नाही. आणि तिला जोड मात्र आपल्या दोन जिल्ह्यांतली द्यायची. जोडीत थोडं तिखट-मीठ माफ.

हळदराव :
कोयनाकाठ आबा, पक्षीच घ्यायचा तर इमू युद्धातला इमू घ्या. कोंबडा काय, एका रस्स्याचा जीव.

१९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात वीसेक हजार इमू गव्हात घुसले. शेतकरी म्हणजे पहिल्या महायुद्धावरून परतलेले सैनिक, त्यांनी सरकारकडं मशिनगनच मागितल्या. सरकारनं मेजर मेरेडिथला दोन लुईस गन आणि दहा हजार गोळ्या देऊन पाठवलं. इमू ताशी पन्नास किलोमीटरनं पळतो आणि गोळीबार झाला की कळप फुटून दहा दिशांना जातो. शेवटी फौज परत गेली. इमू अजून तिथंच आहेत.

आता जोड. आमचा चुलता. पंधराएक वर्षांमागं आपल्याकडं इमूचं वारं आलं होतं, आठवतंय का? कंपनीचा माणूस टाय लावून बांधावर यायचा. अंड्याला एवढे, तेलाला एवढे, पिसाला एवढे, कातड्याला तर विचारूच नका. माल आम्हीच परत घेणार. चुलत्यानं हळदीचं रान मोडलं आणि तारेचं कुंपण घातलं. पहिल्या वर्षी गावात मान असा वाढला की लग्नपत्रिकेत नावापुढं 'इमू उद्योजक' छापून आलं. दुसऱ्या वर्षी टायवाल्याचा फोन लागेना. खाद्य महाग, अंडं कोण खाईना, मटण कोण घेईना. चुलती वेगळंच घेऊन बसली होती. इमूचा नर आठ आठवडे अंड्यावर बसून राहतो, नीट खात-पीतसुद्धा नाही, हे तिनं कुठंतरी वाचलं. त्या दिवसापासून चुलता जेवायला उशिरा आला की, "तो बघा, त्याच्याकडनं शिका जरा."

मग एका रात्री कुंपणाचं फाटक 'चुकून' उघडं राहिलं. सकाळी विट्याच्या रस्त्यावर अकरा इमू पुढं आणि एम-एटीवर चुलता मागं. समोरनं वरात येत होती. घोड्यानं इमू बघितला आणि नवरदेवासकट उसात गेला. बँडवाले तेवढे उभे राहिले, त्यांनी वाजवायचं थांबवलं नाही. लुईस गन नव्हती म्हणून, नाहीतर आमच्याकडंही इतिहास घडला असता.

आणि माणूस शिकतो म्हणता? कडकनाथ आला तेव्हा चुलता परत पहिल्या रांगेत. २०१९ ला त्याचं काय झालं ते आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. कोंबडी काळी, मटण काळं, आणि विकणाऱ्यांनी शेवटी तोंडही काळं केलं.

शंकासुर :
छोटी दुरुस्ती. युद्ध हे नाव वर्तमानपत्रवाल्यांचं. अधिकृत युद्ध पुकारलेलं नव्हतं. आणि मेजरसाहेबांनी अहवालात आकडा दिला होता : ९८६ इमू मारले, गोळ्या लागल्या ९,८६०. बरोबर दहाला एक.

हळदराव :
शंकासुरा, इतका गोल हिशेब फक्त आमच्या गावच्या पाणीयोजनेत बघितलाय.

पुण्यात_अडकलेला_सातारकर :
गोल हिशेबावरून आठवलं. मार्च २०१८, आपलं मंत्रालय. उंदीर मारायच्या ठेक्यावरून एकनाथ खडसे विधानसभेत उभे राहिले आणि त्यांनी आकडा वाचून दाखवला : सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर. म्हणजे दिवसाला ४५ हजारांवर, मिनिटाला ३१ च्या वर. नंतर खुलासा आला की तो उंदरांचा नव्हे, गोळ्यांचा आकडा. मेजर मेरेडिथनं निदान गोळ्या आणि इमू वेगवेगळे मोजले होते.

आणि मथुरेत पोलिसांनी २०२२ मध्ये कोर्टाला सांगितलं की जप्त केलेला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला. बिहारमध्ये २०१७ ला जप्त केलेली दारू उंदरांनी पिल्याचं सांगितलं गेलं, आकडा नऊ लाख लिटरचा. उत्तरेतल्या उंदरांची तब्येतच निराळी.

जोड : तासगावला मामाचं बेदाण्याचं शेड आहे. त्याचा दिवाणजी दरवर्षी हिशेबात 'उंदीर' म्हणून एक रकाना ठेवायचा. एका वर्षी रकाना जरा फुगला. मामानं काही न बोलता मांजर आणलं. पुढच्या वर्षी रकान्याचं नाव 'मांजर' झालं.

मिरजमावशी :
मी तुमच्यासारखं तिखट लिहिणार नाही. मला त्या कबुतराचं फार वाईट वाटलं होतं. मे २०२३ मध्ये मुंबईला बंदराजवळ एक कबुतर सापडलं, पायात कड्या, पंखावर चिनी अक्षरांसारखं काहीतरी. हेरगिरीचा संशय आला. पोलिसांनी त्याला परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात ठेवलं. आठ महिने! मग निष्पन्न झालं की ते तैवानचं शर्यतीचं कबुतर, वाट चुकून आलेलं. जानेवारी २०२४ च्या अखेरीस सुटका. त्या आठ महिन्यांत त्याला काय वाटलं असेल? शर्यत तर हरलंच, वर परदेशात आत गेलं.

आमच्या मिरजेत गिरेबाज कबुतरं पाळणारे पुष्कळ. आमच्या वाड्यासमोर एक चाचा होते. सकाळी कबुतरं सोडायची आणि दिवसभर खाटेवर पडून आभाळ बघायचं, हा त्यांचा उद्योग. माझे सासरे सतारीच्या तारा लावत बसायचे आणि चाचा म्हणायचे, "मास्तर, तुमचं यंत्र उतरतं आणि माझं चढतं." एकदा त्यांच्या कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधलेली आली. सगळी गल्ली जमली. चिठ्ठीत लिहिलं होतं : "तुमचा नर आमच्या मादीकडं राहतोय. दाणे पाठवा."

शंकासुर :
मावशी, चिठ्ठीचा कागद जपून ठेवला आहे का?

मिरजमावशी :
नाही हो. दाणे पाठवले.

भिलवडीची_सून :
आमच्याकडं बातमी शोधावी लागत नाही, नदीतनं चालत येते.

२०१९ चा महापूर. बाहेरच्यांनी ती बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग भागातली मगर टीव्हीवर बघितली असेल, पुरात घराच्या पत्र्यावर चढून बसलेली. जगभर दाखवली. आमच्या घरात ती बातमी बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वर बसलीय ती शहाणी. आपणच खाली राहिलो." तेव्हा आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर सतरंजीवर बसलो होतो.

लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कोरड्या गावची, नदी म्हटलं की हौस. पहिल्याच आठवड्यात धुणं घेऊन निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "जा, पण पाण्यात पाय सोडून बसू नको. सुसर असतीया." मला वाटलं नव्या सुनेला भ्या दाखवतायत. घाटावर गेले. समोरच्या काठावर लाकूड पडलेलं. धुणं निम्मं झालं आणि लाकडानं तोंड उघडलं. माझ्या माहेरच्या साडीचा एक पदर त्या दिवशी औदुंबरच्या दिशेनं वाहत गेला, तो गेलाच.

आता सवय झालीय. वाळूवर ऊन खात पडलेली दिसली की पोरं म्हणतात, "आलीया पाहुणी." गंमत वाटते लिहिताना, पण पावसाळ्यात मोटारीचं पाइप बघायला माणूस खाली उतरला की तो वर येईपर्यंत घरात कुणी बोलत नाही. हेही लिहिते म्हणजे धागा अगदीच हवेत जायला नको.

शंकासुर :
काळजीचं खरं आहे, ताई. फक्त एक. सुसर म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची घडियाल. ती मासे खाते. कृष्णेत आहे ती मगर.

भिलवडीची_सून :
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, "पाय धरला की इचारते, बाई तू कंची?"

माणदेशी_मेंढका :
हितं आमचा आटपाडीचा बाजार कसा काय आला नाय अजून?

स्कॉटलंडला ऑगस्ट २०२० मध्ये डबल डायमंड नावाचं टेक्सेल जातीचं कोकरू लिलावात गेलं. किंमत साडेतीन लाख गिनी, म्हंजे ३,६७,५०० पौंड. आपल्या पैशात साडेतीन कोटीच्या आसपास. तिकडं गिनी हे नाणं कधीच गेलं, पण जनावराच्या लिलावात अजून बोलतात तसं. आपल्याकडं हातावर रुमाल टाकून बोटं दाबतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की त्यांचं सगळं ऐकू येतंय.

त्याच साली आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या मेंढ्याला ७० लाखाची मागणी आली. पेपरात सगळीकडं आलं. मालक म्हणाला दीड कोटीच्या खाली देत नाय. आणि दिला नाय! मेंढ्याचं मूळ नाव सर्जा. लोकांनी पुढं दुसरं नाव पाडलं, ते हितं लिहीत नाय, धाग्यावर राजकारण नको.

शहरातली माणसं हसली. आरं पण माडग्याळी मेंढा बघितलायसा का? जत तालुक्यातलं माडग्याळ हे त्याचं गाव. पोपटाच्या चोचीवाणी बाकदार नाक, उंच पाय, चाल अशी की पाटील चाललाय वाटावं. त्याच्यापासनं निपजलेल्या कोकराला भाव मिळतोय, म्हणून नराला भाव. ह्यात येडेपणा काय? तुमी पुण्यात पार्किंगला किती देता?

माज्या आज्याकडं एक होता. आज्याला कुणी पैसं बोललं की आज्या मेंढ्याच्या कानात इचारायचा, "जातोस का रं?" मेंढा मान हलवायचा. कानात कायबी गेलं की मेंढा मान हलवतोच. पण बोली तेवढ्यानं वाढायची.

हळदराव :
नाद खुळा!

पुण्यात_अडकलेला_सातारकर :
पार्किंगचं लागलं मनाला.

मिरजमावशी :
मान हलवण्यावरून : २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं आठच्या आठ सामने बरोबर सांगितले म्हणून केवढं कौतुक! दोन डबे, दोन झेंडे, ज्या डब्यातलं खाणं खाईल तो संघ जिंकणार. आमच्या दारी नंदीबैल यायचा तो "पाऊस पडेल का?" ला मान हलवायचा, "मुलगा पास होईल का?" लाही हलवायचा. माझ्या धाकट्या दिराच्या बाबतीत तो तीन वर्षं सलग चुकला. तरी सासूबाई दर वर्षी सूपभर जोंधळे घालायच्या. पॉलला त्यानंतर चुकायची संधीच मिळाली नाही, त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला बिचारा.

माजी_फौजी :
जय हिंद. एक बातमी मनाला लागलेली आहे, ती मांडतो.

एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात निल्स ओलाव्ह नावाचा किंग पेंग्विन आहे. नॉर्वेच्या राजाच्या गार्ड पलटणीनं १९७२ साली पहिला पेंग्विन दत्तक घेतला, त्याला लान्स कॉर्पोरल केलं. तो गेला, त्या जागी दुसरा, मग तिसरा. नाव तेच, हुद्दा पुढं चालू. २००८ ला सर किताब. २०१६ ला ब्रिगेडियर. २०२३ ला मेजर जनरल. पलटण रांगेत उभी राहते आणि हे महाशय पाहणी करत पुढून चालत जातात.

आमच्या साताऱ्यात अपशिंग्याला गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. घरटी माणूस फौजेत. माझी अठ्ठावीस वर्षं झाली, सियाचीन बघितलं, सुभेदार म्हणून उतरलो. पेंग्विन बर्फातला म्हणावा तर तोही संग्रहालयातलाच. बायकोला बातमी दाखवली. ती म्हणाली, "तुम्ही कधी इतकं ताठ चाललात का?"

मात्र त्याच संग्रहालयात आधी एक खरा फौजी होऊन गेला, त्याला माझा सलाम. वोयटेक, अस्वल. १९४२ ला इराणमध्ये पोलिश सैनिकांना पिल्लू मिळालं, त्यांनी वाढवलं. इटलीला जहाजातून न्यायला परवानगी मिळेना तेव्हा त्याला रीतसर शिपाई म्हणून भरती केलं. मोंते कासिनोच्या लढाईत तोफगोळ्यांच्या पेट्या उचलल्या असं त्याचे सोबती सांगत. बिअर प्यायचा, सिगारेट खायचा. ओढायचा नाही, खायचा. युद्धानंतर एडिंबराला राहिला, १९६३ ला वारला.

आता जोड, आणि ही जोड नसून नातं आहे. ज्या पोलिश लोकांबरोबर तो निघाला, त्यांच्यातलीच बायका-पोरं त्याच वाटेनं, इराणवरून, आपल्या शेजारी कोल्हापूरजवळ वळिवड्याला आली. १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं. आमचे आजोबा तिथं भाजी पोहोचवायचे. तिथली एक बाई अस्वलाच्या गोष्टी सांगते म्हणायचे आणि आम्ही पोरं हसायचो, म्हाताऱ्याला पोलिश काय कळतंय. बातमी वाचली तेव्हा आजोबांची माफी मागायला कुणी उरलं नव्हतं.

भिलवडीची_सून :
सुभेदारसाहेब, आम्ही तुम्हाला मेजर जनरल म्हणतो. ठराव मांडते.

कोयनाकाठ :
अनुमोदन. (लंडनच्या त्या लॅरी बोक्याचंही कोणीतरी लिहा. २०११ पासून पंतप्रधानांच्या घरी उंदीर पकडायच्या नोकरीवर, सहा पंतप्रधान बघितले. आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई तेवढ्याच सरपंचांचा धनी आहे पण उंदीर मात्र त्यानं एकही पकडलेला नाही.)

डॉ_गोठा :
गुरांचा डॉक्टर आहे, त्यामुळं हा धागा वाचणं माझ्या ड्युटीतच येतं.

गंमत करणाऱ्या संशोधनाला इग नोबेल देतात. २००९ ला इंग्लंडमधल्या न्यूकासलच्या दोघांना मिळालं : नाव ठेवलेल्या गाई बिननावाच्या गाईंपेक्षा जास्त दूध देतात. माझ्या पट्ट्यात बिननावाची गाय दाखवा आणि बक्षीस न्या. माझ्या केसपेपरवर रुग्णाचं नाव असतं, मालकाचं विसरतो. फोन येतो, "डॉक्टर, चंद्री खात नाही." मी विचारतो कुठली चंद्री? "आपली हो!" आणि ठेवतात.

२०२५ चं त्याहून भारी. जपानमध्ये काळ्या गाईंच्या अंगावर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवले, तर चावणाऱ्या माश्या जवळपास निम्म्या झाल्या. ही बातमी मी बेंदराच्या दिवशी वाचून दाखवली. आमच्याकडं बैल रंगवणं म्हणजे शिंगांना हुरमुंज, अंगावर ठसे, पाठीवर कुणाचं तरी नाव. पुढच्या बेंदराला एका पोरानं खरोखर खोंड पट्ट्यापट्ट्यांचा केला. माशा कमी झाल्या का माहीत नाही, पण शेजारच्या गाई त्याला गोठ्यात घेईनात आणि म्हाताऱ्यानं पोराला दोन दिवस घरात घेतलं नाही.

आबा, तुमच्यावरच्या अर्जासाठी कामाची माहिती. जपानच्या नागोया विद्यापीठात २०१३ साली कोंबडे मंद उजेडात ठेवून बघितले. सूर्य दिसत नसला तरी ते पहाटेच्या बेताला आरवतात, घड्याळ त्यांच्या आतच असतं. म्हणजे तुमचा कोंबडा अवेळी आरवत नाही, त्याची वेळ ठरलेली आहे. आणि २०१५ ला त्यांनीच दाखवलं की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत जो वरचढ असतो तो पहिली बांग देतो. बाकीचे त्याची वाट बघतात, मानाप्रमाणं.

माणदेशी_मेंढका :
म्हंजे पंगतीसारखंच की.

पुण्यात_अडकलेला_सातारकर :
कोणी बीडच्या लवूळची बातमी टाकली का? डिसेंबर २०२१, 'वानरांनी सूडापोटी २५० कुत्री मारली'. जगभर छापून आलं. वनखात्यानं पकडली ती वानरं दोन.

शंकासुर :
२५० कुत्री मोजली कोणी, याचा मी शोध घेतला. एक जण म्हणतो दुसऱ्यानं सांगितलं. मंत्रालयातल्या ठेकेदाराला विचारायला हवं.

(आज पहिल्यांदाच माझ्या प्रतिसादात कुणाची दुरुस्ती नाही. मलाच चुकल्यासारखं होतंय.)

कोयनाकाठ :
आढावा द्यायला आलो.

समितीची बैठक काल झाली. फ्रान्सची प्रिंट अध्यक्षांनी मोठ्यानं वाचली, नागोयाचं मी तोंडी सांगितलं. साहेब शांतपणे ऐकत होते. मग उठले आणि म्हणाले, "अर्ज मागं घेतो. मीही गेल्या आठवड्यात कोंबड्या आणल्यात. चार तलंगा आणि एक कोंबडा. गावरान." टाळ्या झाल्या, चहा झाला, ठरावावर सह्या झाल्या. मी म्हटलं मिटलं.

आज सकाळी साहेब कुंपणापाशी उभे. चेहरा उतरलेला. म्हणाले, "आमचा आरवतच नाही हो. साडेतीनला उठून बसतो मी, बॅटरी घेऊन. तुमचा आरवतो, आमचा नुसता मान वर करून ऐकतो. तुमचं झाल्यावर, मागनं, बारीक आवाजात एकदा."

मी त्यांना नागोयाचं परत समजावलं. मानाप्रमाणं असतं म्हटलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग खिशातनं घडी घातलेला कागद काढला. दोन पानी, टाइप केलेला.